पडदा हिरवा, नग एक

२ फेब्रुवारी

मामा,

पत्र बघून दचकू नकोस, घरात कुणी आजारी नाही. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी बोलायला लागले की फोन मामीच्या हातात देऊन मोकळा होतोस. पत्राचं मात्र तुला भारी अप्रूप. म्हणून हा कागद.

बातमी नंबर एक. मोठ्या गाडीचं लायसन मिळालं! परीक्षा घेणारा म्हणाला, "रिव्हर्स जमेल ना, ताई?" मी बस दोन खांबांच्या मधून अशी मागे घेतली की उतरायला त्यालाच दार उघडता येईना. शेवटी ड्रायव्हरच्या बाजूने उतरला बिचारा. आता शाळेच्या बसवर नोकरी पक्की आहे. चाळीस पोरं, एक बस आणि तुझी सत्तावीस वर्षांची भाची.

पक्की म्हणजे एक कागद सोडून पक्की. मुलांच्या बसचा ड्रायव्हर सज्जन आहे असा वर्तणुकीचा दाखला पोलिसांकडून आणायचा आहे. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत तो दिला नाही तर माझ्या जागी दुसरा कुणीतरी सज्जन बसणार.

बरं, एक विचारायचं होतं. तुझ्या त्या तक्रार कक्षात पोलिसांविरुद्ध तक्रार आली की तिचं पुढे नेमकं काय होतं? माझ्या एका मैत्रिणीला माहिती हवी आहे. सविस्तर लिही, म्हणजे तू लिहिशीलच.

आई बरी आहे. तुझी रोज आठवण काढते, म्हणजे नावं ठेवते. कोपरावरचा डागही मजेत.

तुझी भिंगरी

•

९ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद, आणि एक टपली. कोपरावरच्या डागाचा उल्लेख तू दर पत्रात करतेस. अगं, तू तीन वर्षांची होतीस आणि मी ऑफिसला जायच्या घाईत इस्त्री खाली ठेवली होती. तुझ्या आईने तेव्हा मला जे धुतलं, ते अजून वाळलेलं नाही. आता तरी माफ करा बाईसाहेब.

लायसनचं वाचून मामीने अख्ख्या मजल्याला सांगितलं.

आता तुझ्या मैत्रिणीच्या प्रश्नाचं. आमचा कक्ष पोलिस मुख्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर आहे, आणि खिडकीजवळचं टेबल माझं. तक्रार आली की आधी तिच्यावर शिक्का आणि क्रमांक पडतो. प्रकरण नाजूक असेल तर तक्रारदाराच्या नावावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवतात, म्हणजे कुणाचं नाव कुणाला कळत नाही. मग ती गोषवारा टेबलाकडे जाते. तिथे कितीही पानांची तक्रार असो, तिच्या तीन ओळी करतात. मूळ कागद तळघरातल्या दप्तरखान्यात जातो आणि तीन ओळी माझ्याकडे येतात. त्यावर उत्तर लिहायचं काम माझं. मूळ कागद वाचत बसलो तर दिवसाला दोन उत्तरं व्हायची नाहीत. मी चौदा करतो.

आणि उत्तरं कशी, ते ऐक. मी येण्याआधी सरळ "तथ्य आढळले नाही, सबब प्रकरण बंद" असं धाडायचे. वाचणाऱ्याच्या तोंडावर दार आपटल्यासारखं. मी पाच नमुने नव्याने लिहिले. "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल हा कक्ष मनापासून दिलगीर आहे." हे वाक्य माझं. 'गैरसोय' हा शब्द तर खास माझा. त्यात कुणाला दोष जात नाही आणि समोरच्याला बरं वाटतं. साहेब म्हणतात, तुमच्या हाताला गोडवा आहे.

तेव्हा मैत्रिणीला सांग, बिनधास्त तक्रार कर. पत्र गोडच येईल.

तुझा मामा

•

१७ फेब्रुवारी

मामा,

तुझं पत्र मैत्रिणीला वाचून दाखवलं. तिने तक्रार आधीच टाकली होती. तीन पानं आहेत. चार दिवस लिहीत होती. लिहायची, फाडायची, पुन्हा लिहायची. तिचा एकच प्रश्न आहे. तीन पानांच्या तीन ओळी करणारा माणूस कोण आहे, आणि कुठलं ठेवायचं, कुठलं गाळायचं हे तो कशावरून ठरवतो?

ती म्हणते, तिसऱ्या पानावर जे आहे ते तिने आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. ते गाळू नये म्हणजे झालं.

माझा दाखला अडकलाय. फॉर्ममधला 'अंगावरील ओळखखूण' हा रकाना रिकामा आहे, परत या, असा निरोप हवालदाराने दोनदा पाठवला. मी गेले नाही. बघू.

बाकी सराव जोरात. काल रिकाम्या मैदानात बस फिरवताना एक कुत्रा मधोमध झोपला होता. हॉर्न दिला, दिवे दिले, खाली उतरून हात जोडले. शेवटी मीच वळसा घेतला. आई म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा तू कुणापुढे नमलीस.

भिंगरी

•

३ मार्च

भिंगरी,

आज तुझ्या मामाची छाती दोन इंच फुगली आहे. मामी म्हणते, ते पोट आहे. तिचं सोड.

तीस वर्षं कागद रंगवतोय, पण कागदातून प्रत्यक्षात काही घडलेलं मी पाहिलं नव्हतं. परवा घडलं. ऐक. माझ्यासमोर तक्रार क्रमांक २१२ चा गोषवारा आला. "दाखल्यासाठी आलेल्या महिला अर्जदाराची ओळखखूण पाहताना खोलीत आडोसा नसल्याने अर्जदारास संकोच वाटला. हवालदाराच्या वर्तनाबद्दल नाराजी." बस्स, तीन ओळी. साहेब म्हणाले, नमुना दोन लावा, बंद करा. आणि मला एकदम सुचलं! मी म्हटलं, साहेब, आडोसा नाही ही तक्रार आहे ना, मग पडदा द्या की बसवून!

साहेबांनी टेबलावर अशी थाप मारली की चहा सांडला. लगेच भांडारात फोन. हिरवा पडदा, चांगला जाड, पितळी कड्यांचा. दुसऱ्या दिवशी दांडीसकट बसवलासुद्धा. मग मी उत्तर लिहिलं, तारीख एक मार्च. "आपल्या भावनांचा मान राखून सदर खोलीत पडदा बसवण्यात आला आहे. संबंधित हवालदारास योग्य ती समज देण्यात आली आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल हा कक्ष मनापासून दिलगीर आहे. यापुढे महिला अर्जदारांनी शक्यतो सोबत कुणाला घेऊन यावे." साहेबांनी एकही काट न मारता सही केली.

आणि गंमत बघ, ठाणं तुमच्याच गावचं! तुझं दाखल्याचं काम तिथेच आहे ना? जाशील तेव्हा पडदा बघून ये, आणि हवालदाराला ऐटीत सांग, हा माझ्या मामाने लावलाय. तुझी मैत्रीण ती हीच तर नव्हे? असली तर तिलाही सांग, उत्तर कुणी लिहिलं ते.

तुझा (फुगलेला) मामा

•

९ मार्च

मामा,

उत्तर मैत्रिणीला मिळालं. मैत्रीण मीच. दोनशे बारा मीच.

पडदा मी बघितलेला नाही, पण खोली बघितली आहे. वीस जानेवारीला सकाळी अकरा वाजता गेले होते. बाहेर बाकावर सहा-सात माणसं, ऊन, पंखा, सगळं रोजच्यासारखं. हवालदाराने आत बोलावलं. अंगावरील ओळखखूण? मी बाही वर करून कोपर दाखवलं. तुझ्या इस्त्रीचा डाग आंधळ्यालाही दिसेल. तो म्हणाला, हा चालत नाही, कपड्याखालचा हवा. मी म्हटलं, पाठीवर तीळ आहे, लिहून घ्या. तो म्हणाला, खात्री केल्याशिवाय लिहिता येत नाही. उठला आणि दाराला आतून कडी लावली. मग त्याने खात्री केली, मामा. दोन्ही हातांनी केली, आणि तीळ पाठीवर आहे हे सांगूनही तो पाठीवर थांबला नाही. मी ओरडले नाही. का नाही ओरडले, हे मी स्वतःलाच रोज विचारते. बाहेर पंख्याखाली माणसं बसलेली आणि माझ्या तोंडातून आवाज फुटेना. मग कडी काढून म्हणाला, दाखला तयार झाला की निरोप देतो. निरोप आले ते तुला कळवलेच.

आडोसा नव्हता ही माझी तक्रार नव्हती. दाराला कडी होती ही तक्रार होती. आता त्या कडीच्या आत पडदाही आहे.

तुला आधी का सांगितलं नाही? ओळख लावायची नव्हती. मामा मुख्यालयात आहे म्हणून माझं ऐकलं, असं नको होतं. ज्या बाईला मामा नाही तिचंही ऐकतात का, ते मला बघायचं होतं. बघितलं.

तुझ्या उत्तराच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय, हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावे. म्हणजे एकतीस मार्च. मी हरकत घेणार आहे.

आईला काही माहीत नाही.

भिंगरी

•

१३ मार्च

चि. भिंगरीस,

तुझं पत्र मिळालं. फार वाईट वाटलं. रात्रभर विचार करून लिहितो आहे.

तू एकटी का गेलीस? ताईला का नेलं नाहीस, निदान मला एक फोन? असल्या ठिकाणी बाईमाणसाने जपून राहावं, हे तुला मी सांगायला हवं होतं का?

असो. झालं ते झालं. आता शांतपणे घे. त्या ठाण्याचे मोठे साहेब माझ्या ओळखीचे आहेत. मी शब्द टाकतो, दाखला तुला घरपोच येईल, तिकडे पाऊलही टाकावं लागणार नाही. हरकतीच्या भानगडीत पडू नकोस. हरकत म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे दहा लोकांसमोर तेच तेच सांगणं. शाळेच्या कानावर गेलं तर ही नोकरीही हातची जाईल. मी या इमारतीत तीस वर्षं काढली आहेत, कुठली प्रकरणं कुठे जाऊन थांबतात ते मला ठाऊक आहे. तुझ्या भल्याचंच सांगतो.

तुला झालेल्या त्रासाबद्दल मनापासून वाईट वाटतं.

तुझा मामा

•

१७ मार्च

मामा,

तुझं पत्र आणि तुझ्या कक्षाचं उत्तर शेजारी शेजारी ठेवून वाचलं. एकात "सोबत कुणाला घेऊन यावे" आणि दुसऱ्यात "एकटी का गेलीस". एकात "मनापासून दिलगीर", दुसऱ्यात "मनापासून वाईट". मला पत्र मामाचं हवं होतं, आलं ते नमुना दोन.

घरपोच दाखला नको. त्या माणसाच्या सहीचा तर मुळीच नको.

एकच विचारते. हो की नाही, एवढंच लिही. माझी तीन पानं तू वाचलीस का?

तक्रार क्रमांक २१२

•

२४ मार्च

भिंगरे,

मामी लिहितेय. माझं अक्षर तुला लागत नाही हे माहीत आहे, पण लावून वाच.

तुझी दोन्ही पत्रं मी वाचली. टेबलावर उघडी पडली होती म्हणणार होते, पण खोटं कशाला बोलू, याच्या बॅगेतून काढून वाचली. मला अजिबात लाज वाटत नाही. लाज वाटायची ज्यांची पाळी आहे त्यांनी आधी सुरुवात करावी, मग मी बघीन.

तू एकटी का गेलीस हे मी तुला विचारणार नाही. भर दिवसा अकरा वाजता सरकारी खोलीत जायला बाईला सोबत लागते, हे कुणी ठरवलं? आणि लागत असेल तर ती सोबत सरकारने द्यावी! मला त्या हवालदाराचा चेहरा माहीत नाही, नाहीतर एव्हाना मी तिकडे पोचले असते. तुझा मामा म्हणतो, आवाज हळू, शेजारी ऐकतील. मी म्हटलं, ऐकू देत.

आता याच्याबद्दल. तुझा प्रश्न आल्यापासून याने धड चार वाक्यं बोललेली नाहीत. बिनइस्त्रीचा सदरा घालून ऑफिसला जातो. हा माणूस, ज्याच्या रुमालालासुद्धा घडी लागते! रविवारी मी समोर बसून विचारलं, वाचली होतीस का रे तिची पानं? म्हणतो, मूळ कागद वाचायची पद्धत नाही. मी म्हटलं, पद्धत घाल चुलीत. पोर तुला हो की नाही विचारतेय आणि तू पद्धत सांगतोस? मग म्हणाला, वाचली आणि त्यात खरंच तसं असलं तर? मी म्हटलं, म्हणजे तुला अजून 'असलं तर' वाटतंय? त्यावर उठून बाल्कनीत गेला.

वाईट माणूस नाही गं तो. पण कागदाच्या इतकी वर्षं जवळ राहिला की माणूस त्याला तीन ओळींच्या वर दिसेनासा झालाय. मी तुझी बाजू सोडून त्याची घेत नाहीये, हेही लिहून ठेव.

उद्या तो दप्तरखान्यात जाणार आहे. नाही गेला तर मी जाते.

मामी

•

२७ मार्च

भिंगरी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. वाचली नव्हती. आता वाचली. दोनदा.

कशी ते सांगतो. दप्तरखान्यातून मूळ कागद काढायचा तर एक चिठ्ठी भरावी लागते. तिच्यात 'कागद कशासाठी हवा' असा रकाना आहे. मी लिहिलं, "वाचण्यासाठी". दप्तरी माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, भाऊसाहेब, इथे दोनच कारणं चालतात, कोर्टात पाठवणे आणि मुदत संपली म्हणून नष्ट करणे. वाचण्यासाठी कुणी मागितलेलं मी पाहिलं नाही. मी म्हटलं, आता पाहा. खाली एक मोडकं स्टूल आहे, त्यावर बसून वाचलं.

पहिलं पान, सहावी ओळ. "माझ्या डाव्या कोपरावर लहानपणी मामाच्या इस्त्रीचा चटका बसल्याचा डाग आहे. तो मी हवालदारांना दाखवला."

तुझं नाव पट्टीखाली झाकलेलं होतं, भिंगरी. मामा झाकलेला नव्हता. मी फक्त सहा ओळी वाचल्या असत्या तरी मला कळलं असतं. तिसरं पान वाचून मी तिथेच रडलो. दप्तरी बिचारा पाणी घेऊन आला आणि बाजूला उभा राहिला. मला वाटतं, त्याला वाटलं माझं कुणी गेलं.

मग वर येऊन मी माझी जुनी उत्तरं काढली. तुमच्या त्याच ठाण्याची, त्याच टेबलाची, गेल्या दोन वर्षांतली आणखी चार निघाली. चारही गोषवाऱ्यांत 'संकोच', चारही उत्तरांत 'गैरसोय'. माझा खास शब्द. चौघींचे मूळ कागद मागवले. दप्तऱ्याने या वेळी काही विचारलं नाही. चारही कागदांत आतून लावलेली कडी आहे. मी ते दोन वर्षांपूर्वी वाचलं असतं तर तुझ्यावर ही वेळ आली नसती. हे मी गोड करून लिहू शकत नाही आणि लिहिणारही नाही.

सोबत माझ्या निवेदनाची प्रत आहे. एक साहेबांना दिली, एक त्यांच्या वरच्या कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवली. तुझ्या हरकतीला जोड. त्यात लिहिलंय: "उत्तर मी मूळ तक्रार न वाचता लिहिले. हवालदारास कोणीही काहीही विचारले नव्हते. 'समज देण्यात आली आहे' हे वाक्य नमुन्यात आधीपासून छापलेले असते. पडद्याची सूचना माझी. याच ठाण्यातील आणखी चार तक्रारींचे क्रमांक खाली देत आहे. त्यांचे मूळ कागद वाचावेत. तक्रार क्र. २१२ ची अर्जदार माझी भाची आहे हे मला तेव्हा माहीत नव्हते. ती कुणाचीही भाची नसती तरी उत्तर चुकीचेच होते."

साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, "तुम्हाला एवढं मनाला लावून घ्यायचं काय कारण? पडदा दिला ना आपण?" मी पहिल्यांदाच त्यांच्यासमोर परवानगी न घेता खुर्चीत बसलो.

"एकटी का गेलीस" हे मी परत घेतो. लिहिलेलं परत घेता येत नाही हे मला ठाऊक आहे, तरी घेतो. एकतीस तारीख चुकवू नकोस.

मामा

•

५ एप्रिल

मामा,

तीस तारखेला हरकत दिली. निवेदन जोडलं. पोच घेतली, पोचेवर शिक्का घेतला, शिक्क्यावर तारीख नीट उमटली नव्हती म्हणून पुन्हा मारायला लावला. मी तुझीच भाची आहे.

आईला सांगितलं. ती माझा सदरा घेऊन इस्त्री करत बसली, एकच बाही चार वेळा. मग म्हणाली, मी येते तुझ्याबरोबर. मी म्हटलं, सोबत म्हणून नको हं. ती म्हणाली, सोबत कशाला, मला त्या लोकांची तोंडं बघायची आहेत. आणि खरंच, हरकत घेणाऱ्या कारकुनाकडे ती इतकी रोखून बघत होती की त्याने पेन दोनदा खाली पाडलं. त्याचा काही दोष नव्हता, पण मला बरं वाटलं.

त्या चौघींबद्दल वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. आपण एकट्या नाही याचं बरं वाटावं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

तुझ्यावरचा राग बराचसा गेला. थोडा शिल्लक ठेवलाय. मामीला सांग, तिचं अक्षर लागलं, एकूण एक शब्द.

भिंगरी

•

१२ मे

भिंगरी,

पत्ता बदलला आहे. आता मी तळघरात, भांडारात. साहेब म्हणाले, तुम्हाला वाचनाची आवड लागली आहे, तिकडे याद्या भरपूर आहेत. खुर्च्या, टाचण्या, बादल्या. खिडकी नाही, पण दप्तरी शेजारी आहे आणि दोघांत एक किटली आहे. तेव्हा माझी काळजी करू नकोस. मामी म्हणते, निदान आता तुझ्या हातून पत्रं तरी जाणार नाहीत.

वरच्या कार्यालयाने चौकशी दुसऱ्या जिल्ह्याच्या बाईंकडे दिली, ते तुला कळलंच असेल. त्यांचा पहिला हुकूम काय आला माहीत आहे? त्या खोलीचं दार काढून टाका. कडीसकट, चौकटीपासून. आणि दारच नाही तर आत पडदा कशाला, म्हणून तो परत भांडारात आला. माझ्याच हातात.

गठ्ठा सोडून बघितला. चांगला जाड आहे, मी म्हटलं होतं तसाच. नोंदवहीत लिहिलं, "पडदा हिरवा, नग एक." पुढे शेऱ्याचा रकाना असतो. तिथे 'सुस्थितीत' किंवा 'जीर्ण' लिहायचं असतं. मी लिहिलं, "मागितला नव्हता." साहेबांची सही त्याखाली आहे. न वाचता केली असणार.

माझ्या जागी एक नवीन मुलगी आली आहे. परवा खाली येऊन विचारत होती, मूळ कागद कुठे ठेवतात? दप्तऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं आणि आता तिची चिठ्ठीही मीच भरून देतो. कारणाच्या रकान्यात काय लिहायचं, ते तिला आता पाठ आहे.

चौकशीच्या दिवशी मला साक्षीला बोलावलंय. कडक इस्त्रीचा सदरा घालून येईन. इस्त्री मामीची, माझा तिच्यावर आता विश्वास आहे आणि माझ्यावर कुणाचाच नाही.

मामा

•

१० जून

मामा,

साक्षीनंतर तू घाईने गाडी पकडायला गेलास, म्हणून उरलेलं आता लिहिते. तू छान बोललास. शब्द अडखळले तेव्हा जास्त छान बोललास.

तू गेल्यावर मला आत बोलावलं. चौकशीच्या बाईंनी आधी माझी तीन पानं स्वतः वाचली, माझ्यासमोर. मी बोटं मोडत बसले होते. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, यात काही राहिलंय का? मी म्हटलं, नाही, सगळं आहे. मग पुढे दोन तास. हवालदाराच्या वकिलाने तो प्रश्न विचारलाच, "आपण एकट्या का गेलात?" मी म्हटलं, "दाखला एकाच माणसाचा होता म्हणून." बाईंनी मान खाली घातली, पण ओठ हलले. हसल्या असाव्यात.

त्या चौघींपैकी दोघी आल्या. एकीचा पत्ता लागत नाही. चौथीने कळवलं की तिला आता काही आठवायचं नाही, आणि त्यासाठी कुणी तिला बोल लावू नये. हवालदार निलंबित आहे. निकाल लागायला वर्ष जाईल म्हणतात. लागेल तसा लागेल. मी थांबेन. आम्ही तिघी फोनवर बोलत असतो. त्यातली एक शिवणकाम करते, तिने बसच्या माझ्या सीटला गादी शिवून देईन म्हटलंय.

हो, बस! सोमवारी शाळा उघडतेय आणि दाखला मिळालाय. चौकशीच्या बाईंनी मला शेजारच्या गावच्या ठाण्यात पाठवलं. मी पुन्हा एकटीच गेले. हट्टाने. आई दारापर्यंत आली आणि मागे फिरली, तेही तिला किती जड गेलं ते मला दिसत होतं.

खोलीला दार होतं, सताड उघडं. टेबलामागे एक पोलीस बाई, समोर फायलींचा ढीग, तोंडात पेनचं टोपण. नाव, पत्ता, वय भराभर विचारलं. पुढचा रकाना मला पाठ आहे.

"अंगावरील ओळखखूण?"

"डाव्या कोपरावर इस्त्रीच्या चटक्याचा डाग." मी बाही वर करायला लागले. तिने बघितलंसुद्धा नाही. मान खाली घालूनच लिहून घेतलं आणि विचारलं, "शिक्षण?"

चार सेकंद लागले, मामा. बाहेर आले, पायरीवर बसले आणि इतकी रडले की चहावाल्याने फुकट चहा दिला. एवढंच तर काम होतं रे ते.

तुझी भिंगरी